माढेकर सरांची फियाट

'प्रिय खटावकर, माझ्या पंच्याहत्तरीनिमित्त मंडळी गौरवग्रंथ काढताहेत. तुमचा लेख हवाच. पांडित्य नको. तुम्ही सगळे मिळून माझी फियाट ढकलायचात, तेवढीच आठवण लिहा. वाचणाऱ्यांना गंमत वाटेल. गाडीची बॅटरी उतरायची, पण तुमचं प्रेम कधी उतरलं नाही!'

पत्र हिरव्या शाईत होतं. मी ते दोनदा वाचलं, घडी घालून खणात ठेवलं आणि उत्तर पाठवलं नाही. उत्तर सुचलं नाही असं नव्हे. रोज एक सुचत होतं. पण मी आयुष्यभर ग्रंथपाल होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं जागेवर लावून ठेवायचं, एवढंच मला येतं. स्वतःच्या वाक्यावर माझा भरवसा नाही. आठवणीवर तर त्याहून नाही.

गाडी ढकलायचो, हे मात्र नक्की आठवतं.

"चला मंडळी!" माढेकर सर खिडकीतून हात बाहेर काढून म्हणायचे. "सेल्फ घेत नाही बघा. उतरली वाटतं पुन्हा बॅटरी."

कॉलेज सुटल्यावर आम्ही पाच-सहा जण पोर्चमध्ये जमलेलेच असायचो. आमचं तालुक्याचं गाव, नवं कॉलेज, आणि सर पहिलेच प्राचार्य. मागे डिकीला इंग्रजीचे मुजावर आणि इतिहासाचे पाटणकर, एका बाजूला ईश्वरा शिपाई, दुसऱ्या बाजूला मी.

"नवी बॅटरी घ्या की सर," मुजावर म्हणायचे. "गाडी आता माणसं ओळखायला लागली. मला तर जवळ गेलो की हुंगते."

"नवी घेतली तर संध्याकाळी तुम्ही मला भेटाल का, मुजावर?"

सगळे हसायचे. मीही हसायचो, जरा उशिरा. मग चष्मा काढून खिशात ठेवायचा आणि जोर लावायचा. फाटकाच्या अलीकडे सर गिअर टाकून क्लच सोडायचे, गाडी एक गचका खाऊन सुरू व्हायची आणि सर दोन लांब हॉर्न द्यायचे. कुंपणापलीकडेच आमची खोली. तिथं कुमुदच्या कडेवर बसून आमची चारू वाट बघत असायची. चार वर्षांची होती. सरांचे दोन हॉर्न झाले की ती तोंडाने तिसरा द्यायची, "पोंऽऽ!" सर कधी कधी हात हलवायचे. तेवढ्यावर तिची संध्याकाळ साजरी व्हायची.

माझी नेमणूक वर्षावर्षाची होती. कायम करण्याचा कागद सरांच्या टेबलावर होता, तसा तो आणखी दोघांचाही होता. पण मी त्यासाठी ढकलत होतो असं मला वाटत नाही. गाडी सुरू होत नव्हती म्हणून ढकलत होतो. हे वाचून कुणी हसेल. पुढे मुजावर हसलेच.

मे महिन्याच्या सुटीत चारूला ताप आला. दुसऱ्या दिवशी तिला मान वाकवता येईना. गावातल्या डॉक्टर शेट्यांनी तिची मान हलक्या हाताने उचलून पाहिली आणि पुन्हा उशीवर टेकवली.

"मिरजेला न्या," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. मेंदूज्वर असेल असं वाटतंय. एसटीच्या नादाला लागू नका, गाडी बघा."

लग्नसराई होती. गावातल्या भाड्याच्या दोन्ही गाड्या वऱ्हाडात गेल्या होत्या. कुमुदने पोरीला चादरीत गुंडाळलं आणि म्हणाली, "माढेकर सरांकडे चला. रोज ढकलता, एक दिवस बसू दे की आपल्याला."

सर ओसरीवरच उभे होते. परीटघडीचे पांढरे कपडे, अत्तराचा वास. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. कुमुदच बोलली असावी.

"अरेरे," सर म्हणाले. "घाला, मुलीला मागच्या सीटवर घाला. पण खटावकर, बॅटरीचं तुम्हाला ठाऊकच आहे. आणि आज मंडळी सगळी गावी."

"मी ढकलतो सर."

"एकटे?"

"मी आहे ना," कुमुद म्हणाली आणि तिने पदर खोचला.

भर दुपार होती. गाडीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. बंगल्यापासून कॉलेजपर्यंतचा रस्ता सपाट. आम्ही दोघं ढकलत होतो आणि सर आरशातून मागे बघत होते. कुमुदची एक चप्पल तुटून मागेच राहिली. तिने दुसरीही काढून टाकली.

"जोर लावा, खटावकर! जोर!" सर ओरडले आणि आम्हाला हुरूप यावा म्हणून त्यांनी हॉर्न दिला. तोच, नेहमीचा लांब.

मागच्या काचेतून मला चारूचं तोंड दिसत होतं. तिने ओठ हलवले. 'पों' म्हणाली असावी. ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं.

गाडीने गचका खाल्लाच नाही. कॉलेजच्या फाटकापर्यंत ती नुसती हातगाडीसारखी चालत राहिली. सर उतरले, रुमालाने हात पुसले.

"नशीब बघा. आज अगदीच मेलीय. तुम्ही स्टँड गाठा, मिरजेकडची एखादी गाडी मिळेल. उगाच माझ्या नादी लागून उशीर नको."

मी त्यांचे आभार मानले. 'थँक्यू सर' म्हणालो. या सगळ्यात तेवढे दोन शब्द लिहायला मला सगळ्यांत जड जातात.

एसटी मिळाली, पुढे ती बदलावी लागली, आणि मिरजेला पोचेपर्यंत दिवस मावळला होता. चारू वाचली. दवाखान्यातून आम्ही तिला घरी आणलं तेव्हा कॉलेज सुरू व्हायची वेळ झाली होती. ती हडकली होती, गप्प होती. आजारातून उठलेलं मूल गप्प असायचंच, असं आम्ही म्हणत होतो.

पहिल्याच आठवड्यातली संध्याकाळ. "चला मंडळी!" झालं. आम्ही ढकलली, गाडीने गचका खाल्ला, सुरू झाली. चारू फाटकाच्या आत पाठमोरी बसून खडीचा ढीग करत होती. तिच्या अगदी मागे येऊन सरांनी हॉर्न दिला. कॉलेजचं कुत्रं दचकून पायरीवरून उठलं. चारूने मान वळवली नाही. एक खडा उचलून ढिगावर ठेवला.

सरांनी पुन्हा हॉर्न दिला.

"चारू!" कुमुद कुंपणापलीकडून ओरडली. "चारू! अगं ए!"

"खटावकर, पोरीला आवरा," सर खिडकीतून म्हणाले. "चाकाखाली येईल."

मी तिला उचलून घेतलं तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली. आपल्याला अचानक का उचललं, हे तिला कळलं नव्हतं.

मिरजेला पुन्हा गेलो. कान तपासणाऱ्या डॉक्टरांनी फार जपून सांगितलं. दोन्ही कान गेलेत, या तापात जातात कधी कधी. "लवकर आणायला हवं होतं," ते म्हणाले आणि कुमुदचा चेहरा बघून पुढे म्हणाले, "अर्थात, लवकर आणून वाचले असतेच असंही नाही. सांगता येत नाही." येताना कुमुद एसटीत एकच वाक्य बोलली, "आपण अजून जोरात ढकलायला हवी होती."

पावसाळ्यात व्यवसाय-अभ्यासक्रमाची पुस्तकं ग्रंथालयात आली. त्यात एक मोटारदुरुस्तीचं होतं. नंबर घालण्याआधी पुस्तक चाळायची मला खोड आहे. बॅटरीचं प्रकरण दिसलं आणि मी थांबलो. रोज ज्या गोष्टीला खांदा देतो ती काय असते, एवढं तरी कळावं म्हणून. त्यात लिहिलं होतं की बॅटरी उतरल्याची खूण म्हणजे हॉर्न. आधी घोगरा होतो, मग बसतो. हॉर्न खणखणीत असेल आणि तरी सेल्फ घेत नसेल, तर दोष बॅटरीत शोधू नये.

मी ते पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मला गाडी चालवता येत नाही. यंत्रातलं काही कळत नाही. वाटलं, आपलाच काहीतरी घोटाळा होतोय, पुस्तकात अपवाद राहून गेला असेल. पण डोळ्यांसमोर ते पायरीवरून दचकून उठलेलं कुत्रं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनीच मला किल्ली दिली. "गाडीत मागे माझी छत्री राहिलीय, तेवढी आणा."

मी छत्री घेतली आणि मग, का कोण जाणे, पुढच्या सीटवर जाऊन बसलो. किल्ली फिरवली. काही नाही. हॉर्न दाबला. अर्ध्या कॉलेजने खिडकीतून डोकं काढलं इतका मोठा वाजला. मग मी सीटखाली हात घातला. काय शोधत होतो ते मला ठाऊक नव्हतं. बोटांना एक छोटं बटण लागलं. गुळगुळीत झालेलं. ते वर केलं, किल्ली फिरवली, आणि फियाट एका दमात सुरू झाली. मांजर गुरगुरावं तशी.

मी ती बंद केली. बटण खाली केलं. तिथंच बसून राहिलो.

ईश्वरा पळत आला. "कोण वाजवतंय हॉर्न? आं, तुमी व्हय सर?"

"ईश्वरा, आम्ही चारूला मिरजेला नेलं, त्या दिवशी सर कुठे गेले होते?"

"सायेब? कराडला, लग्नाला. मी आलो तवा निघालेच हुते. मीच फाटक लावलं की मागनं."

"कशाने गेले?"

"कशानं म्हंजे? गाडीनं."

"ढकलली कुणी?"

ईश्वराने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "सर," तो हळूच म्हणाला, "तुमाला खरंच ठावं न्हवतं?"

मी स्टाफरूममध्ये गेलो. मुजावर पेपर तपासत बसले होते. मी त्यांना बटणाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"अहो, चोरस्विच आहे तो! चोराने गाडी पळवू नये म्हणून बसवतात. याने चोरांना सोडलं आणि आम्हाला धरलं. फाटक आलं की हळूच बटण वर करतो आणि गाडी सुरू! आरशात बघतो ना तो? कोण जोर लावतंय, कोण नुसता हात टेकवतंय, कोण घाईने घरी गेलं. पाटणकरांची बढती त्या डिकीवरच झाली!"

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे, खटावकर."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला आमच्या आधी कळलंय. तुम्ही असे काही मनापासून ढकलायचात, चष्मा काढून, की आम्ही म्हणायचो, बघा, गप्प दिसतो, पण हा आपल्या सगळ्यांचा बाप आहे. हा आधी कायम होणार!"

मी त्यांना मे महिन्याचं सांगितलं. मला सलग सांगता आलं नाही. मध्येच कुठूनतरी सुरू केलं, मग मागे गेलो. मुजावरांचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं.

"वहिनींनी पण ढकलली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पोर आत असताना?"

मी मान डोलावली. मुजावर उठले आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी उभे राहिले.

संध्याकाळी सर पोर्चमध्ये आले, गाडीत बसले, किल्ली फिरवली. "चला मंडळी! पुन्हा उतरली."

सवयीने सगळ्यांचे हात पत्र्याला लागले. मी मागे गेलो नाही. खिडकीपाशी गेलो.

"सर, सीटखालचं बटण वर करा."

"काय म्हणालात?"

माझा आवाज खरंच ऐकू गेला नव्हता की काय, कोण जाणे. 'काही नाही सर' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मागे जाऊन चष्मा काढायला अजून वेळ होता.

"सीटखालचं बटण. ते वर करा आणि किल्ली फिरवा. लगेच सुरू होते. मी दुपारी करून पाहिली."

मुजावरांनी डिकीवरचे हात काढून घेतले आणि धूळ झटकावी तसे एकमेकांवर झटकले. पाटणकरांनी काढले. मग बाकीच्यांनी. ईश्वरा केव्हाच दोन पावलं मागे सरकला होता. सरांनी आरशात पाहिलं.

"खटावकर," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचा कागद माझ्या टेबलावर आहे."

"हो सर."

"घरात मूल आजारी असलं की माणसाच्या मनावर परिणाम होतो. मी समजू शकतो."

"ती आजारी नाही सर. ती बहिरी आहे."

सर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. बटण वर करावं तर सगळ्यांसमोर कबुली, आणि ढकलायला तर कुणी नाही. शेवटी त्यांनी काच वर केली, दार लावलं आणि छत्री घेऊन चालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशीही ते चालतच आले. तिसऱ्या दिवशीही. एकदा ती गाडी आमच्या देखत सुरू झाली असती तर सगळं संपलं असतं, म्हणून ती सुरूच झाली नाही. अख्खा पावसाळा पोर्चच्या कडेला उभी राहिली. चाकं खाली बसली, टायरांच्या भोवती गवत आलं. ग्रंथालयाच्या खिडकीतून ती मला सरळ दिसायची. रोज सर तिच्यावरून नजर चुकवून चालत जायचे, आणि मी हातातलं काम ठेवून बघायचो. तो आनंद बरा नव्हता, हे मला कळत होतं. मी खिडकी मिटली नाही.

दिवाळीच्या तोंडावर कराडहून मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडलं, हॉर्न दाबून पाहिला. साधी कुरकुरही नाही. "सायेब," तो सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बॅटरी पार मेली की हो."

"शेवटी खरं बोलली बिचारी," मुजावर म्हणाले.

गाडी ट्रॅक्टरला बांधून न्यावी लागली. एकाही हाताने तिला धक्का दिला नाही.

माझा कागद त्या टेबलावर बरीच वर्षं पडून राहिला. त्याचं काही वाटलं नाही. सर पुढे संस्थेत चढत गेले, सभांतून बोलू लागले, हार घेऊ लागले. माणसं विसरली. पाटणकर विसरले. मुजावर विसरले नव्हते, पण ते लवकर गेले. मग ते हिरव्या शाईतलं पत्र आलं आणि मला कळलं की सरही विसरलेत. त्यांच्या आठवणीत आम्ही अजूनही हसत हसत ढकलत होतो. चारूसुद्धा कुठेतरी कुंपणावर हात हलवत असेल.

गेल्या महिन्यात त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं निमंत्रण आलं. गौरवग्रंथाची दुसरी आवृत्ती निघतेय, राहिलेल्यांनी लेख पाठवावेत, असं छापलेलं. खाली हिरव्या शाईत, म्हाताऱ्या, कापऱ्या अक्षरात, 'खटावकर, या वेळी तरी.'

कुमुद गेल्यापासून घरात चारू आणि मी. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासते. आवाजाचा व्यत्यय नसल्यामुळे तिच्या हातून चूक सुटत नाही, असं मालक म्हणतात. निमंत्रण तिनेच उघडलं होतं. तिने भुवया उंचावून विचारलं, कोण? मी हाताने सांगितलं, जुने साहेब.

मी लिहायला बसलो. या वेळी पूर्ण लिहिलं, सरांचं नाव घालून, चार पानं. दुपार, पत्रा, कुमुदची चप्पल, बटण, कराडचं लग्न. शेवटी मात्र माझा हात अडला आणि मी आणखी एक वाक्य लिहिलं. 'अर्थात, वेळेत पोचलो असतो तरी तिचे कान वाचले असतेच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.' न्यायाला धरून व्हावं म्हणून.

चारूला तापाचं माहीत होतं. गाडीचं आम्ही तिला कधी सांगितलं नव्हतं. मी पानं तिच्यापुढे ठेवली. तिने सवयीने लाल पेन घेतलं. सावकाश वाचलं. दोन ठिकाणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं. कुमुदच्या चपलेशी बराच वेळ थांबली. शेवटच्या वाक्याशी आली तेव्हा तिने समासात लिहिलं, 'बाबा, हे त्या दिवशी त्यांना माहीत होतं?'

मी मान हलवली. नव्हतं.

'मग आता कशाला सांगायचं?'

माझ्या उत्तरासाठी ती थांबली नाही. त्या वाक्यावर तिने सरळ लाल रेघ मारली, समासात वगळण्याची खूण केली आणि पानं माझ्याकडे सरकवली. मी लेख पुन्हा स्वच्छ लिहून काढला. ते वाक्य सोडून.

पोस्टापर्यंत ती माझ्याबरोबर आली. पाकीट तिनेच पेटीत सरकवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. पडलं का, असं ती विचारत होती.

आत, तळाशी, पडल्याचा आवाज झाला. मी मान डोलावली.